न वाढणारा मुलगा

सुशिक्षित कुटुंबांत मुलांच्या करमणुकीविषयी जी तक्रार नेहमी ऐकू येते ती बहुधा शिष्टाचाराची असते. मूल उलट बोलू लागले, पाहुण्यांसमोर नको ते बोलून गेले, की त्याचा दोष टीव्हीवरील एखाद्या चित्रमालिकेच्या माथी मारला जातो. आमच्या मराठवाड्यातील घरांत तरी ह्या आरोपाचा मुख्य धनी कित्येक वर्षे एकच आहे, आणि तो म्हणजे जपानातील कासुकाबे ह्या शहरी राहणारा पाच वर्षांचा शिनचॅन. योशितो उसुई ह्या चित्रकाराने १९९० साली त्यास प्रथम कागदावर उतरविले. १९९२ पासून तो जपानी दूरचित्रवाणीवर दिसू लागला. आणि २००६ साली हंगामा वाहिनीवरून हिंदी बोलत तो भारतात आला व लवकरच नांदेड-लातूरच्या बैठकीच्या खोल्यांत येऊन बसला. त्याच्या हिंदीचे येथे कोणास नवल वाटले नाही. निजामी राजवट १९४८ साली संपली, तरी आमच्या बाजारातील दखनी काही तिच्याबरोबर गेली नव्हती. बापाचे नाव तेवढे हॅरी आणि आईचे मित्सी असे झाले. ती नावे ना जपानी, ना हिंदी, आणि तरीही उदगीरच्या पोरांच्या तोंडी ती गावातल्या नावांइतकी बसली आहेत.

२००८ साली पालकांच्या तक्रारींमुळे ही मालिका काही काळ बंद पडली व पुढे काटछाट होऊन पुन्हा सुरू झाली. तक्रार अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणत नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडी तरुण स्त्रियांविषयी जी थट्टा घातलेली असे ती आम्हांसही रुचत नाही, आणि ती कापली गेली तर हळहळण्याचे कारण दिसत नाही. परंतु बाकीच्या उद्धटपणाविषयी म्हणाल, तर ज्या समाजाने गोपींच्या तक्रारी यशोदेच्या दारी नेऊन त्यांची पदे केली आणि ती शतकानुशतके भजनात गायिली, त्या समाजाने एका खोडकर पोरामुळे मुले बिघडतील अशी भीती बाळगावी हे थोडे गमतीचेच आहे. मोठ्यांचे ढोंग मुलाने भाबडेपणाने उघडे पाडावे, हा विनोद फार जुना आहे. घरास आलेल्या पाहुण्यास ‘जेवूनच जा’ म्हणायचे आणि तो खरोखरच बसला की स्वयंपाकघरात कपाळावर हात मारायचा, हे आईचे दोन चेहरे मुलाने पाहिले तर तो दोष मुलाचा नव्हे.

आम्हांस पडलेला प्रश्न निराळा आहे. १९९२ साली पाच वर्षांचा असलेला हा मुलगा आजही पाच वर्षांचाच आहे. त्याच्या बापाने घेतलेल्या घराचे कर्ज फिटावयास अजून ३२ वर्षे आहेत, ही त्या मालिकेतील एक ठरलेली थट्टा होय. काळ त्या घरात इतर घरांप्रमाणे चालता, तर ते कर्ज २०२४ सालीच फिटले असते आणि शिनचॅन स्वतः बापाच्या त्या वेळच्या वयाचा झाला असता. १९९६ साली त्यास एक बहीण झाली. म्हणजे मित्सी गरोदर राहिली, यथाकाल प्रसूत झाली, नाव ठेवले गेले. तेवढ्यापुरता काळ पुढे सरकला आणि लगेच पुन्हा थांबला. ती मुलगी आजही तान्ही आहे आणि भाऊ पाचच वर्षांचा आहे. एकदा तर वायूच्या स्फोटात त्या कुटुंबाचे घर उडून जाते. मंडळी काही काळ भाड्याच्या एका लहानशा खोलीत दाटीवाटीने राहतात. नंतर घर नव्याने बांधून होते आणि त्याच जागी, जणू काही घडलेच नव्हते अशा थाटात, पूर्वीचाच संसार चालू होतो.

हा भाग लातूर जिल्ह्यात बसून पाहणाऱ्या प्रौढ माणसास निर्मळपणे हसता येईल काय, ह्याची आम्हांस शंका आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजले असता, किल्लारीच्या परिसरात जी घरे पडली ती पुन्हा त्या जागी उभी राहिली नाहीत. फार नुकसान झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. नवी घरे पक्की होती, रस्ते सरळ होते, आणि तरीही जुन्या गावातील गल्ली, वाड्याची देवडी, शेजाऱ्याच्या दाराशी लागून असलेले आपले दार, ह्यांतले काही त्या सरळ रस्त्यांवर आले नाही. घर बांधून देता येते. घडलेली गोष्ट न घडलेली करता येत नाही. विनोदी मालिकेस ते करता येते, आणि तिचे सारे सामर्थ्य व सारी उणीव ह्या एका गोष्टीत आहे.

अशा मालिकांच्या हंगामांस आता मराठीत ‘पर्व’ म्हणू लागले आहेत. शब्द चांगला आहे, पण योजना उलटी झाली आहे. महाभारतात एक पर्व संपले की मागचे दार बंद होते. सभापर्वात जे घडले त्यानंतर पांडवांस वनात जावेच लागते, आणि वनातून परत आलेले पांडव सभेत बसलेले पांडव नसतात. आमच्याकडील ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यास हे शब्दार्थ सांगावे लागणार नाहीत. उसाचे ‘पेर’ हा त्याच पर्वाचा धाकटा भाऊ. कांडे वाढले तरच पुढचे पेर धरते. जेथे पेरांमागून पेरे मोजावीत आणि ऊस मात्र तेवढाच असावा, तेथे त्यास पर्व तरी का म्हणावे?

ह्यावर कोणी म्हणेल की विनोदी पात्राने बदलू नये हाच विनोदाचा नियम आहे. हा आक्षेप क्षुल्लक नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ ह्याने १९०० साली हास्यावर जो ग्रंथ लिहिला त्याचा गाभाच असा की, जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला म्हणजे आपणांस हसू येते. प्रसंग बदलला तरी ज्याची खोड बदलत नाही, तो हास्यास्पद. ह्या दृष्टीने शिनचॅन हा विनोदाचा परिपूर्ण नमुना ठरेल. परंतु आमच्या भाषेतील कौटुंबिक विनोदाचा जो सर्वांत थोर नमुना, त्याने हा नियम पाळलेला नाही. बडोद्यास पालीचे अध्यापन करणाऱ्या चिं. वि. जोशी ह्यांनी चिमणराव निर्माण केला तो प्रथम लग्नाचा मुलगा होता. पुढे त्याचे लग्न झाले, काऊ घरात आली, मोरू-मैना आली, आणि भित्रा, गोंधळलेला, स्वतःस शहाणा समजणारा हा कारकून बाप झाला. खोड तीच राहिली. माणूस मात्र पुढे गेला. १९४० साली मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’ ह्या चित्रपटात दामुअण्णा मालवणकरांनी आणि पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी त्यास देह दिला, तेव्हा प्रेक्षकांस तो आपल्याच चाळीतला वाटला, कारण त्याच्या डोक्यावरूनही आपल्या डोक्यावरून गेलेले दिवसच गेले होते.

चित्रास देह नसतो, हा खरा भेद. नटास सुरकुत्या पडतात, रेषेस पडत नाहीत. अमेरिकेतील सिम्प्सन कुटुंब १९८९ च्या डिसेंबरापासून पडद्यावर आहे, त्याची पस्तिसाहून अधिक पर्वे झाली, आणि त्यातील बार्ट अद्याप दहाच वर्षांचा आहे. मात्र त्या न वाढणाऱ्या गावातही मरण येते हे लक्षात घेण्याजोगे आहे. २००० साली अकराव्या पर्वात शेजारच्या फ्लँडर्सची पत्नी वारली आणि ती परत आली नाही. शिक्षिकेच्या पात्रास आवाज देणाऱ्या मार्शिया वॉलेस २०१३ साली निवर्तल्या, तेव्हा ते पात्रही निवृत्त करण्यात आले. शिनचॅनच्या बाबतीत तर स्वतः उसुई २००९ साली डोंगरावरून पडून मरण पावले. सव्वीस वर्षे मुलाचा आवाज देणाऱ्या बाईंनी २०१८ साली काम सोडले. बापाचा मूळ आवाज २०२० साली कायमचा मिटला. चित्र तेच राहिले आणि त्यामागची माणसे एकेक करून बदलत गेली.

आता नीतीच्या प्रश्नाकडे वळू. त्या घरात मित्सी रोज रागावते; मुलाच्या डोक्यावर भले मोठे टेंगूळ येते; पुढच्या भागात टेंगूळही नसते आणि रागही नसतो. ह्यास क्षमा म्हणावे काय? आमच्या मते म्हणू नये. क्षमेस स्मरण लागते. बांधाच्या वितीभर जमिनीवरून पंधरा वर्षे अबोला धरलेले दोन भाऊ पुतणीच्या लग्नात एका पंगतीस बसतात, आणि थोरला धाकट्याच्या पानावर आग्रहाने जिलेबी वाढतो, तेव्हा त्या जिलेबीत पंधरा वर्षे असतात. दोघांनाही सर्व आठवत असते, म्हणूनच त्या वाढण्यास अर्थ असतो. विसरलेला मनुष्य क्षमा करीत नाही. त्याच्यापाशी क्षमा करावयास काही शिल्लकच नसते.

येथवर आमचे मत त्या मालिकेच्या विरुद्ध गेले आहे असे वाचकांस वाटले असेल. पण ज्या घरांत ती पाहिली जाते त्या घरांकडे पाहिले म्हणजे निकाल इतका सोपा राहत नाही. लातूर हे आज शिकवणीचे शहर आहे. ‘लातूर पॅटर्न’ ह्या नावाने जी अभ्यासाची पद्धत प्रसिद्ध झाली तिने मराठवाड्यातील सामान्य शेतकऱ्यांच्या व शिक्षकांच्या मुलांस वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांची दारे उघडून दिली. हे श्रेय मोठे आहे, आणि ते नाकारणारा मनुष्य बहुधा पुण्या-मुंबईचा असतो. नांदेडनेही पुढे तोच मार्ग धरला. परंतु त्याची किंमत काळाच्या नाण्यात मोजावी लागते. मुखेड, देगलूर, निलंगा येथून पंधरा वर्षांचे मूल शहरात येते. त्याच्यासाठी आई खोली करून राहते. बाप गावी एकटा भाकरीचा डबा मागवितो. आणि मुलाचा दिवस क्लास, मेस, चाचणी, पुन्हा क्लास असा मिनिटामिनिटांत कापला जातो. ह्या खोल्यांत भिंतीवर देवाच्या चित्राशेजारी वेळापत्रक लावलेले असते. येथे प्रत्येक चाचणीचे गुण लिहून ठेवले जातात, बापास कळविले जातात, आणि विसरले जात नाहीत.

अशा घरातील धाकट्या मुलास ते विसरभोळे जपानी घर आवडले तर त्यात आश्चर्य काय? तेथे काल केलेली चूक आज कोणी काढीत नाही. तेथे मूल जसे आहे तसे उद्याही चालणार आहे. ती क्षमा नसेल, पण ज्यास क्षमा मिळालेली नाही त्यास विस्मरणही गोड लागते. थोरल्याचे गुण चार जणांसमोर वाचून दाखविणाऱ्या आईबापांनी धाकट्याच्या कार्टूनवर टीका करावी, हे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

आणि खरे पाहिले तर ती मालिका मुले एकटीच पाहत नाहीत. भाजी निवडता निवडता आई पाहते, वर्तमानपत्राच्या आडून बाप पाहतो. ह्याच आईबापांनी मुलास पंधराव्या वर्षी प्रौढ केलेले असते. मूल लवकर मोठे व्हावे ह्यासाठी सारा खटाटोप करावयाचा आणि सायंकाळी पाच वर्षांपलीकडे न जाणाऱ्या पोराकडे पाहून जीव निवू द्यावयाचा, ह्या दोन गोष्टी परस्परविरुद्ध दिसतात. आम्हांस त्या एकाच वृत्तीच्या दोन बाजू वाटतात. एकीकडे काळ हाकावयाचा, दुसरीकडे तो अडवावयाचा. मुलाचा म्हणून जो स्वतःचा काळ असतो, ज्यात ते आठव्या वर्षी आठ वर्षांचे आणि सोळाव्या वर्षी सोळा वर्षांचे असते, थोडे चुकते, थोडे रेंगाळते, आपल्या गतीने आपल्यापासून दूर जाते, तो काळ दोन्हींकडे नाही. अठराव्या वर्षी ही मुले आमच्या वर्गांत येऊन बसतात. हुशार असतात, नम्र असतात, वेळेवर येतात. प्रश्न विचारा म्हटले की मात्र ती एकमेकांकडे पाहतात. ज्या वयात प्रश्न विचारण्याची हौस असते ते वय त्यांच्या वेळापत्रकात कोठेच घातलेले नव्हते.

प्रेमाविषयी तत्त्वज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. आईबापांच्या प्रेमाविषयी त्या मानाने थोडे. त्या प्रेमाची अडचण अशी की त्याचा विषय रोज बदलतो. काल कडेवर असलेले मूल आज दार लावून घेते, आणि ज्या मुलावर आपण जीव टाकला होता ते मूल आता कोठेच नसते. त्याच्या जागी त्याच नावाचा एक उंच, अबोल मुलगा असतो. तोही आपलाच, हे रोज नव्याने शिकावे लागते. हॅरी आणि मित्सी ह्यांस हे कधी शिकावे लागले नाही. त्यांच्या प्रेमास काळाची कसोटी लागलेली नाही, म्हणून ते खोटे ठरत नाही, पण आपल्या प्रेमाशी त्याची तुलनाही होऊ शकत नाही.

मालिका बदलत नसली तरी पाहणारा बदलतो, एवढी एक वाट मात्र तिच्यातही मोकळी राहिली आहे. २००६ साली जो मुलगा नांदेडात पाच वर्षांचा होता तो आज पंचविशीच्या आसपास असेल. कदाचित पुण्यास नोकरीस असेल आणि घराच्या हप्त्याचा हिशेब करीत असेल. रात्री जेवताना तो अजूनही कधीमधी ते जुने भाग लावतो, असे आमचे काही माजी विद्यार्थी आम्हांस सांगतात. पूर्वी ते पोराच्या खोड्यांस हसत. आता पायमोजे काढीत, दमून घरी येणारा तो कर्जबाजारी हॅरी पडद्यावर आला, की त्यांना त्याचेच हसू येते, आणि मग, असे त्यांतील एकाने सांगितले, तो गावी वडिलांना फोन लावतो.