आयत्या बिळाबाहेरचा नागराज

‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण सापाला फुकटा ठरवते. त्याला स्वतःचं घर नाही, मिळेल तिथं तो राहील, असा तिचा सूर. नागराजाची मादी मात्र तिला खोटं पाडते. पावसाळ्याच्या तोंडावर ती वेटोळ्यांनी पाचोळा ओढून ढीग रचते आणि त्यात साधारण २० ते ४० अंडी घालते. अजगराची मादीही अंड्यांना विळखा घालून बसते, पण असं घरटं रचण्याबद्दल ख्याती आहे ती नागराजाचीच. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या कर्नाटकातल्या आगुंबेसारख्या ठिकाणी अंडी टिकतात ती या ढिगाच्या आडोशाने. मादी कित्येक दिवस त्यावर पहारा देते आणि पिल्लं बाहेर पडण्याआधी निघून जाते. सावली, उतार, पाचोळा हे सगळं जुळलं तर वीण तरते. असा जागेला बांधलेला प्राणी वस्तीत दिसताच उचलून लांबच्या ‘घनदाट जंगलात’ सोडला की त्याचं भलं होतं, ही समजूत म्हणूनच तपासायला हवी.

नागराजाचं मुख्य अन्न इतर साप, विशेषतः धामण. धामण उंदरांमागे शेताबागांत येते आणि तिच्यामागे नागराज. वस्तीजवळ दिसलेला साप वाट चुकलेलाच असतो असं मानायला आधार नाही. कुणी म्हणेल, विणीच्या हंगामात नर मादीच्या शोधात लांबवर फिरतोच, मग आपण थोडा आणखी लांब नेला तर बिघडलं काय? पण तो फिरतो मादीच्या वासाचा माग काढत. अनोळखी रानात टाकलेल्या सापाला भक्ष्य, आसरा, पाणी सगळंच नव्याने शोधावं लागतं. माणसांच्या जिवाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. घरात शिरलेला नागराज बाहेर काढलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. प्रश्न उरतो तो कुठे सोडायचा एवढाच.

त्याचं उत्तर वर्गीकरणाने आणखी निकडीचं केलं आहे. १८३६ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेला नागराज दीर्घकाळ एकच जात मानला गेला; २०२४ मध्ये त्याच्या चार जाती मांडल्या गेल्या. पश्चिम घाटातली ‘ओफिओफॅगस कालिंगा’ ही फक्त इथलीच, आणि तिचं नावही कन्नड बोलीतून आलेलं. आशियाभर पसरलेला म्हणून ज्याच्याबद्दल आपण निर्धास्त होतो, तो इथला नागराज एका डोंगररांगेपुरता आहे. तेव्हा तो पकडावा लागलाच, तर जिथे सापडला त्याच्या जवळच्या रानातच सोडा, आणि ते रान राखा.