मैदान कुणाच्या मालकीचे?

बेंबळीत ज्या पटांगणावर संध्याकाळी मुले खो-खो खेळतात ते मुरमाचे आहे. पाणी मारून रोलर फिरवला नाही, तर उन्हाळ्यात खडे वर येतात आणि सूर मारणाऱ्याचे कोपर व गुडघे सोलून निघतात. तरीही मुले सूर मारतात. दोन वर्षांपूर्वी या पटांगणावरचा सर्वांत चपळ मुलगा पुण्याला गेला. मॅटवर सराव मिळावा, जमल्यास एखाद्या व्यावसायिक संघाच्या नजरेस पडावे, एवढाच त्याचा हेतू होता. त्या वर्षी आमचा संघ तालुक्याच्या पातळीवरच गारद झाला. पारावर बोलणे झाले, ‘पैशाने नेला पोरगा.’

त्या बोलण्यात मीही सामील होतो, हे आज कबूल केले पाहिजे. इतकेच नव्हे, तर मी त्याला फोन करून म्हणालो, “गावाने तुला घडवले आणि गावाला गरज होती तेव्हा तू पाठ फिरवलीस.” तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “सर, आई अजून दुसऱ्याच्या रानात सोयाबीन काढायला जाती. खेळून पोट भरतंय का नाही, ते मला चार वर्षांतच कळणार. पुढं गुडघे ऐकत नाहीत.” त्याच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. तो असता तर बरे झाले असते. मला रागावता तरी आले असते.

त्यानंतर कितीतरी दिवस एक प्रश्न मनात घोळत राहिला. खेळाडूवर गावाचा हक्क असतो काय? आणि असलाच, तर तो कशाच्या बळावर?

या प्रश्नाचे मोठे रूप अमेरिकेत पाहावयास मिळते. तेथील महाविद्यालयीन फुटबॉल (आपला नव्हे, त्यांचा, अंडाकृती चेंडूचा) हा काही कोटी लोकांच्या जिव्हाळ्याचा विषय. विद्यापीठांनी शेजारधर्माने आपापले गट बांधलेले असत. शेजारच्या राज्याचा संघ येई, लोक मोटारी काढून सामन्याला जात, हार-जीत वर्षभर पुरे. त्या गटांपैकी पॅसिफिक किनाऱ्यावरचा एक गट शंभर वर्षांहून जुना होता. 30 जून 2022 रोजी लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी त्यातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले आणि 2023 च्या उन्हाळ्यात आणखी आठ गेली. बाराच्या गटात दोनच उरली. गेलेल्यांपैकी स्टॅनफर्ड आणि बर्कली ही कॅलिफोर्नियातील विद्यापीठे 2024 पासून ज्या गटात खेळू लागली, त्याचे नाव आहे ‘अटलांटिक कोस्ट’. पॅसिफिकच्या काठी राहून अटलांटिकचे रहिवासी! लॉस एंजेलिसची दोन्ही विद्यापीठे ‘बिग टेन’ नावाच्या गटात गेली. त्या ‘टेन’मध्ये आता 18 विद्यापीठे आहेत.

कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. 1984 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सामन्यांच्या प्रक्षेपणावरील मध्यवर्ती क्रीडासंघटनेची मक्तेदारी मोडली आणि विद्यापीठांना व त्यांच्या गटांना आपापले सौदे करण्याची मोकळीक मिळाली. ऑगस्ट 2022 मध्ये ‘बिग टेन’ने दूरचित्रवाणी कंपन्यांशी सात वर्षांचा करार केला तो सुमारे 7 अब्ज डॉलरचा. अशा ताटावर बसायला मिळत असेल, तर जुना शेजार कोणाच्या लक्षात राहतो? आणि फुटबॉलचा संघ हलला की त्याच्यामागून पोहणाऱ्या, धावणाऱ्या, व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलीही हलल्या. त्यांच्या सामन्यांसाठी कोणतीही वाहिनी थैली उघडत नाही, पण एका सामन्यासाठी खंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विमानप्रवास मात्र त्यांच्या वाट्याला आला. परीक्षा असो वा नसो.

आपल्या वाचकांना यात विशेष वाटावे असे एक प्रकरण आहे. डीपॉल, जॉर्जटाउन, मार्केट, प्रॉव्हिडन्स, सेंट जॉन्स, सीटन हॉल आणि व्हिलानोव्हा ही सात कॅथॉलिक विद्यापीठे ‘बिग ईस्ट’ या गटात होती. त्यांचा खरा खेळ बास्केटबॉल. परंतु फुटबॉलच्या पैशामागे धावताना गटात रोज नवे, दूरदूरचे सभासद येत होते आणि जुने जात होते. डिसेंबर 2012 मध्ये या सातांनी एकत्र निर्णय घेतला आणि पुढच्या वर्षी, गटाचे जुने नाव बरोबर घेऊनच, त्या बाहेर पडल्या. हे वाचून माझी मान अभिमानाने ताठ होऊ लागली होती. पण त्यांनीही लगोलग एका वाहिनीशी 12 वर्षांचा करार केला होता, हे पुढच्याच ओळीत वाचले. होली क्रॉस संघाच्या धर्मगुरूंनी 1842 साली स्थापन केलेले नॉटर डेम विद्यापीठ तर फुटबॉलसाठी कोणत्याच गटात नाही. 1991 पासून त्याच्या घरच्या सामन्यांचा एका वाहिनीशी स्वतंत्र करार आहे. सारांश, आपल्यातले कोणी या बाजारात सोवळे आहे अशा भ्रमात आपण राहू नये. फरक असलाच तर इतका, की त्या सात संस्थांनी ‘आपण कोणाबरोबर खेळावे?’ हा प्रश्न ‘किती मिळतील?’ या प्रश्नाच्या आधी विचारला.

आता घरी येऊ. धाराशिव जिल्हा, म्हणजे कालपरवापर्यंतचा उस्मानाबाद, खो-खोचा जिल्हा आहे. सारिका काळे येथलीच. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती आणि 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला तो 22 वर्षांनी आला. त्या वेळी तिने सांगितले होते, की खेळत असताना सुमारे दहा वर्षे दोन वेळचे जेवणही धड मिळत नव्हते. आपण सारे त्या दहा वर्षांत कोठे होतो? टाळ्या वाजवत होतो. पुढे तिला तुळजापूरला क्रीडा अधिकाऱ्याची नोकरी मिळाली. आमच्या भागातल्या आईबापांना खेळाचा एवढा एकच राजमार्ग ठाऊक आहे: मैदान, पदक, प्रमाणपत्र आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण.

दूरचित्रवाणीने दुसरा मार्ग काढला. 2014 साली कबड्डीची व्यावसायिक लीग सुरू झाली. पुढच्याच वर्षी प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीने लीगच्या मालक कंपनीत 74 टक्के हिस्सा घेतला, म्हणजे सामना दाखवणारा आणि सामना भरवणारा एकच झाला. खो-खोची लीग ऑगस्ट 2022 मध्ये आली. सहा संघ होते: चेन्नई, गुजरात, मुंबई, ओडिशा, राजस्थान आणि तेलुगू योद्धाज. पण पहिल्या वर्षी साऱ्यांचे सामने झाले पुण्यात, बालेवाडीला! चेन्नईचा संघ चेन्नईत खेळलाच नाही. संघाच्या नावातले गाव हे पाटीवरचे गाव. खरे गाव कॅमेऱ्याचे. आणि सारिकेच्या जिल्ह्यातल्या मुलींनी कान देऊन ऐकावी अशी गोष्ट म्हणजे त्या लीगच्या पहिल्या दोन्ही हंगामांत महिलांचे संघच नव्हते.

खेळही बदलला. नऊ मिनिटांचा डाव सात मिनिटांचा झाला, मैदानावर पाठलाग करणारे नऊ होते ते सात झाले. शिवाय ‘वझीर’ नावाचा एक गडी आला. आपल्या खो-खोत उठलेल्या गड्याने एकदा दिशा घेतली की त्याला खांबापर्यंत मागे वळता येत नाही आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारा दोन हातांवर असला, तरी तो पलीकडच्या बाजूला असेल तर बसलेल्या सोबत्याला खो देऊन स्वतः खाली बसायचे. या खेळाचा सगळा जीव या बंधनात आहे, असे मला वाटते. वझीराला ते बंधन नाही. तो वाटेल तिकडे वळतो. पाहायला गंमत येते, नाकारत नाही. मी स्वतः टीव्हीपुढे बसून ‘वा!’ म्हटलेले आहे.

येथे कोणी म्हणेल, नियम काय आभाळातून पडले होते? तेही खरे. या खेळाला आजचे वळण मिळू लागले ते 1914 च्या सुमारास, पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर. खेड्यातल्या पोरांना तेव्हाही कोणी विचारले नव्हते. शिवाय जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. त्यांचे कर्णधार प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. ती स्पर्धाही याच नव्या घाटाची होती. तिचे अंतिम सामने बेंबळीत घराघरांत पाहिले गेले. दूरचित्रवाणी नसती तर हे झाले असते काय? नसते. म्हणून ‘जुने ते सोने’ म्हणून मोकळे होण्याची सोय मला नाही.

मग माझी तक्रार कोणाविरुद्ध आहे? फार विचारांती मला वाटू लागले, की आपण दोन वेगळ्या माणसांना एकाच काठीने झोडपत असतो. एक, जो पोटासाठी जातो. दुसरा, जो इतरांनी सोपवलेली वस्तू घेऊन जातो. खेळाडूजवळ स्वतःचे म्हणून काय असते? शरीर आणि त्या शरीराची मोजकी वर्षे. ती त्याची आहेत. त्याच्या आईने उपाशी राहून ती वाढवली आहेत. गावाने त्याला बूट घेऊन दिले, ही आमची माया. ते कर्ज नव्हे. कर्जच असेल तर आम्ही सावकार ठरलो. विद्यापीठाला, संघटनेला, मंडळाला मात्र पोट नसते. ती विश्वस्त असतात. त्यांच्या हाती जे आहे ते मागल्या पिढ्यांनी निढळाच्या घामाने उभे केलेले आणि पुढल्यांसाठी राखून ठेवलेले. विश्वस्ताला घराची डागडुजी करता येते, भिंत पाडून खिडकीही काढता येते. पण घरातल्यांना न विचारता घर विकता येत नाही. त्या पॅसिफिकच्या गटात मागे राहिलेल्या दोन विद्यापीठांना कोणी विचारले? लीगमध्ये मुली का नाहीत, हे धाराशिवच्या मुलींना कोणी सांगितले?

आणि गंमत अशी, की जाब आपण विचारतो तो मुलाला. तो समोर असतो, ओळखीचा असतो, त्याला फोन लावता येतो. करारावर सह्या करणारे आपल्या पारावर येत नाहीत. मीही तेच केले. ज्याच्यावर माझा सर्वांत कमी हक्क होता, त्यालाच सर्वांत कठोर बोललो.

यातला एक धागा मला अजून सुटत नाही. सर्वच चपळ मुले गेली, तर पटांगणावर मागे राहिलेल्यांनी कोणाला पाहून शिकायचे? मुलाला दोष देता येत नाही म्हणून हे नुकसान नाहीसे होत नाही. ते कोणी भरून द्यायचे? लीगने, शासनाने, की आम्ही, ज्यांनी इतक्या वर्षांत एक मॅट विकत घेतली नाही? शेवटच्या शब्दाशी मी जरा जास्तच अडखळतो. जत्रेच्या मंडपासाठी आणि माझ्या स्वतःच्या घरच्या लग्नासाठी वर्गणी वा कर्ज काढताना आम्ही कधी अडखळलो नव्हतो.

गेल्या नाताळच्या सुट्टीत तो मुलगा गावी आला होता. अजून कोणत्याही मोठ्या संघात त्याची निवड झालेली नाही. मी भेटायला गेलो आणि ‘तेव्हा मी चुकीचे बोललो’ असे म्हणालो. “असू द्या की सर,” म्हणून त्याने चहा मागवला. संध्याकाळी तो पटांगणावर उतरला. लहान मुलांनी त्याला गराडा घातला, ‘दादा, वझीर कर की!’ त्याने धावता धावता मधली पाटी ओलांडली आणि गर्रकन मागे वळून एका पोराच्या पाठीवर थाप मारली. मुले आनंदाने ओरडली. आमचे वृद्ध क्रीडाशिक्षक खुर्चीत बसले होते. त्यांनी शिट्टी वाजवली आणि फाऊल दिला. तो हसला, खो देऊन जागेवर बसला, आणि त्याच्यापुढचा सहावीतला मुलगा उठून धावू लागला.