पाहण्याचा मोह

28 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईत नरिमन हाउसच्या गच्चीवर कमांडो हेलिकॉप्टरातून दोरावरून उतरले, ते दूरचित्रवाणीवर साऱ्या जगाने त्याच क्षणी पाहिले. पाकिस्तानात बसलेले हल्ल्याचे सूत्रधारही वाहिन्या पाहून आतील आपल्या माणसांस फोनवरून सूचना देत होते. त्याच घरात हवालदार गजेंद्रसिंग पडले.

29 ऑगस्ट 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांस कठोर दोष दिला. मात्र प्रक्षेपणामुळेच जवान दगावले की नाही, हे ठरविणे शक्य नाही, असेही म्हटले. पण पुरावा नाही, म्हणून धोकाही नव्हता काय?

2015 च्या नियमाने अशा कारवाईचे थेट प्रक्षेपण बंद झाले. अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढेच द्यावयाचे. ह्या आडोशाने सरकार आपल्या चुका झाकील, ही शंका अगदीच पोकळ नव्हे. परंतु चुकीचा जाब दुसऱ्या दिवशीही मागता येतो.

तारापूरच्या अणुवीज केंद्रावर उद्या असा प्रसंग आलाच, तर बोईसर-पालघरच्या लोकांनी कोणत्या वाटेने दूर जावे, हे तत्काळ कळणे अगत्याचे. जवान कोणत्या दाराने शिरले, हे त्याच घटकेस कळून आम्हांपैकी कोणाचा प्राण वाचणार? आणि खरे सांगावयाचे तर, त्या दिवशी आम्हीही पडद्यापुढून उठलो नव्हतो.