तीन हाका

आमचे भाचेराव पुण्यात एका कंपनीत काम करतात. काय काम करतोस असं विचारलं की सांगतात, "मामा, मी काही बंद पडू देत नाही." या उत्तराने माझं समाधान व्हायला बराच काळ लागला. दिवा विझू न देणारे गुरव पूर्वीही होतेच. त्यांना त्याबद्दल तेल मिळे आणि याला मोटार मिळते, एवढाच फरक.

प्रकार असा आहे. आपण घरबसल्या रेल्वेचं तिकीट काढतो, विजेचं बिल भरतो, तेव्हा पलीकडे एकच यंत्र बसलेलं नसतं. पाच-दहा असतात. त्यांच्या पुढे आणखी एक यंत्र असतं, त्याला लोड बॅलन्सर म्हणतात. बँकेच्या दारातला जाणता शिपाई आठवा. "तुम्ही तीन नंबरला जा, आजोबा तुम्ही पाचला." कधी पाळीपाळीने पाठवतो, कधी जिथे रांग लहान तिथे. शिवाय दर दोन-चार सेकंदांनी प्रत्येक खिडकीत डोकावून बघतो, की माणूस जागेवर आहे ना. इथेही एक गोम आहे. खुर्चीला कोट लटकवून चहाला जाण्याची जी विद्या आपल्या कारकुनांनी हस्तगत केली, ती यंत्रांनाही येते. दार उघडं, दिवा चालू, आणि काम मात्र शून्य! म्हणून हुशार शिपाई नुसता कोट बघत नाही, एखादी खोटी स्लिप पुढे सरकवून खरंच उत्तर येतं का ते पाहतो.

पण हा शिपाईच फेरी येऊन पडला तर? म्हणून शिपाई दोन ठेवतात. एक काम करतो आणि दुसरा बसून असतो. बाहेरच्या जगाला शिपायाचं नाव ठाऊक नसतं, फक्त पत्ता ठाऊक असतो, आणि तो पत्ता या यंत्रावरून त्या यंत्रावर उचलून ठेवता येतो. भरताने नंदिग्रामात चौदा वर्षं हेच केलं. नमस्कार पादुकांना आणि कारभार बसेल त्याचा.

दुसऱ्याने उठायचं कधी, याचा नियम ठरलेला आहे. पहिला दर सेकंदाला एक हाक देतो, "मी आहे." लागोपाठ तीन हाका आल्या नाहीत की दुसरा तीन सेकंदांवर किंचित थांबून पत्ता स्वतःकडे घेतो. १९९८ साली हा नियम कागदावर आला आणि आज जगभर चालतो. आमच्या आजीने तिसऱ्या हाकेशिवाय रात्री ओ देऊ नये असं सांगितलं होतं. तिचं कारण वेगळं होतं, आकडा तोच.

इथपर्यंत सगळं सोपं. माझी झोप उडाली ती पुढच्या प्रश्नाने. हाक आली नाही म्हणजे हाक देणारा मेला, हे कशावरून? तो धडधाकट असेल आणि मधली तारच तुटली असेल. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच ऐकू येतं, म्हणजे काहीच ऐकू येत नाही. १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी गणिताने सिद्ध केलं, की निरोप पोचायला किती वेळ लागावा याला जिथे मर्यादा नाही, तिथे एक जरी गडी कोसळण्याची शक्यता असली तरी बाकीच्यांचं हमखास एकमत होईल अशी ठोक रीत काढता येत नाही. मुळात अडचण हीच, की सावकाश माणूस आणि मेलेला माणूस लांबून सारखेच दिसतात.

हे सिद्ध करायला गणित लागावं याचं पुणेकराला नवल वाटेल. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण पुष्कळांची खात्री पटेना. पुढे भाऊ म्हणवणारा एक तोतया निघाला, १७७६ साली त्याने कोकणात चांगलं बंड माजवलं आणि शेवटी त्याला देहान्त शासन झालं. इकडे पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत कुंकू पुसलं नाही. तीन हाकांचा नियम त्यांना मान्य नव्हता. त्या चूक होत्या असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

यंत्रांचा तोतया जास्त भयंकर, कारण तिथे दोघेही खरे असतात. तार तुटली, दुसऱ्याला वाटलं पहिला गेला, तो खुर्चीवर बसला. पहिला आपल्या खुर्चीवर बसलेलाच आहे. दारातल्या शिपायांचं असं झालं तर चार लोकांची धावपळ होते, कारण शिपायाजवळ वही नसते. पण वही लिहिणारे दोन झाले की संपलं. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या अमेरिकन कंपनीत (जगभरचे प्रोग्रॅमर आपलं लिखाण तिथे ठेवतात) दुरुस्तीच्या कामात पूर्व किनाऱ्याची एक जोडणी ४३ सेकंद तुटली. तेवढ्यात स्वयंचलित व्यवस्थेने वहीचा मान पश्चिम किनाऱ्याकडे दिला. पूर्वेच्या वहीत शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी होत्या, त्या पश्चिमेला पोचल्या नव्हत्या. पश्चिमेने पुढे लिहायला घेतलं. दोन्ही वह्या खऱ्या आणि दोन्ही अपुऱ्या! त्यांनी घाई न करता वह्या जुळवत बसण्याचं ठरवलं, आणि ४३ सेकंदांच्या मौनापायी २४ तास ११ मिनिटं सेवा लंगडत राहिली. मला हा निर्णय फार आवडला. खोटं चटकन सांगण्यापेक्षा "जरा थांबा" म्हणणं आपल्याकडे फक्त जुन्या सराफांना जमे.

यावर या मंडळींनी दोन उपाय काढलेत. एक उपाय असा, की खुर्चीवर बसण्याआधी पहिल्याची वीजच तोडायची. मेला की नाही हा वाद नको, नक्की मारूनच बसायचं. इंग्रजीत या युक्तीला जे नाव आहे त्याचा सरळ अर्थ 'दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला' असा होतो. भाचेराव हे चहाचा घोट घेत सांगतात. औरंगजेबाला हे कोणी शिकवलं नव्हतं, एवढंच मी म्हणालो. दुसरा उपाय सभ्य आहे. यंत्रांची संख्या विषम ठेवायची, आणि ज्याला निम्म्याहून जास्त सोबती दिसत नाहीत त्याने आपण होऊन गप्प बसायचं. आपण अल्पमतात आहोत हे कळताच मुकाट्याने खुर्ची सोडणारं काही या भूतलावर आहे, हे ऐकून मला यंत्रयुगाबद्दल प्रथमच आदर वाटला.

आता माझा यात काय संबंध? सांगलीला माझा एक मित्र एकटा असतो. मीही इथे एकटाच. रोज सकाळी सातला त्याने मिस्ड कॉल द्यायचा, नाही आला तर आठला आणि नऊला मी करून बघायचा, आणि तरी उचलला नाही तर त्याच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींना कळवायचं, असं आमचं ठरलंय. मध्यंतरी सात गेले, आठ गेले, नऊ गेले. मी वहिनींना फोन केला. त्यांच्याकडे किल्ली असते. त्या दार उघडून आत गेल्या तर गृहस्थ टॉवेल गुंडाळून नाट्यगीत म्हणत आरशापुढे उभे! मोबाइल पहाटेच बादलीत पडला होता. त्याने वहिनींच्याच फोनवरून मला झाडलं. "दोन तास थांबलास? मी खरंच पडलो असतो तर?" आणि त्याच श्वासात, "एक फोन लागला नाही म्हणून माणसाच्या घरात लोक घुसवतोस?"

दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. भाचेरावांना विचारलं तर म्हणाले, "मामा, लवकर उठलात तर जिवंत माणसाचा अपमान होतो, उशिरा उठलात तर मेलेल्याचा. दोन्ही टाळता येत नाहीत. कुठला परवडतो ते आधी ठरवा, मग आकडा काढा." हे गणित मी करून पाहिलं. मित्राची चौकशी करायची असेल तर टॉवेलाची लाज परवडते. आकडा लहानच हवा. पण जागा घ्यायची असेल, म्हणजे वडिलांची सही, दुकानाची गल्ली किंवा आजारी सहकाऱ्याचं टेबल, तर आकडा मोठा हवा. आपण बरोबर उलटं करतो. चौकशीला महिना लावतो आणि सहीला तीन सेकंद.

नियमात आणखी एक सोय आहे, तिचा मला परवा शोध लागला. जे यंत्र सांगून सवरून बंद होतं ते जाताना आपला मान शून्य असल्याची शेवटची हाक देतं. मग दुसरा तीन हाकांसाठी ताटकळत नाही, लगेच उठतो. मित्राला हे फारच पटलं. आता परगावी जायचं असलं की तो मला तसं आधी कळवतो. मात्र बादलीपासून त्याचा मोबाइलवर विश्वास नाही, म्हणून पोस्टकार्ड टाकतो. गेल्या खेपेचं कार्ड तो कोल्हापूरहून परत आल्यावर दोन दिवसांनी मला मिळालं.