शब्दाचा भार

१ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना कोरोनाची लस सुरू झाली. आमच्या वाडीची आशाताई वही घेऊन दारोदार फिरली. "ताप येईल, अंग दुखेल. लस घेऊनही कोरोना होऊ शकतो, पण जिवावरचं बहुतेक टळतं," असं तिनं सरळ सांगितलं. पारावर त्याचंच हसू झालं. होणारच असेल तर टोचून कशाला घ्यायचं?

माझे थोरले चुलतभाऊ तात्या मला विचारायला आले. "तू दहावी शिकलेला, पेपर वाचतोस. घेऊ का रं?"

दोनच दिवसांपूर्वी मोबाईलवर एक व्हिडिओ आला होता. पांढरा कोट घातलेला कुणीतरी लसीच्या विरोधात बोलत होता. ना नाव, ना गाव. तेवढ्या बळावर मी म्हणालो, "थांबा तात्या. महिनाभर बघू."

तात्या थांबले. एप्रिलच्या शेवटी खोकला सुरू झाला. ऑक्सिजनचा बेड मिळेपर्यंत दोन दिवस गेले. मे महिन्यात तात्या गेले.

लस घेतली असती तर वाचले असते का? खात्रीनं कुणालाच सांगता येणार नाही. मन त्या आडोशाला जाऊन बसतं. पण मला बोचतं ते वेगळंच. जे मला ठाऊक नव्हतं, ते ठाऊक असल्यासारखं मी का बोललो?

बियाणं घेताना आपण पिशवीचा टॅग बघतो, लॉट नंबर बघतो, पावती जपतो. उगवलं नाही तर कुणाला धरायचं ते माहीत असतं. जिवाच्या गोष्टीला मात्र मी पावती मागितली नाही.

त्याच मे महिन्यात कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. लोक म्हणाले, "यांचं यांनाच कळंना." शेतकऱ्यानं तरी असं म्हणू नये. पाऊस लांबला की आपणही पीक बदलतो. नवं कळल्यावर शब्द बदलणारा खोटा नसतो.

माणूस माहितीवर कमी आणि सांगणाऱ्यावर जास्त विश्वास ठेवतो. म्हणून ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्यानं "मला ठाऊक नाही" म्हणायला शिकलं पाहिजे. आशाताईनं कळलेलंही सांगितलं, मर्यादाही सांगितली. मला तेवढं जमलं नाही.

वहिनींना त्या व्हिडिओचं मी अजून सांगितलेलं नाही. हे लिहिलेलं आधी त्यांनाच वाचून दाखवणार आहे.