यम आधी, आसन नंतर



योग म्हटला की आपल्याला आसन, प्राणायाम आणि ध्यान आठवते. पण पतंजली मुनींनी योगसूत्रांच्या साधनपादात जी आठ अंगे सांगितली, त्यांत आसनाचा क्रमांक तिसरा आहे. पहिले अंग आहे यम : अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह.

असे का? शौच, संतोष, तप हे नियम मनुष्य एकांतातही पाळू शकतो. सत्य बोलायला मात्र समोर कोणीतरी असावे लागते. अस्तेयाची परीक्षा दुसऱ्याची वस्तू हाताशी असतानाच होते. म्हणजे साधनेची सुरुवात शेजाऱ्यापासून होते.

पतंजली पुढे सांगतात, की जाती, देश, काल आणि प्रसंग यांची मर्यादा न घालता पाळलेले यम हेच महाव्रत होय. व्यासभाष्यात याची उदाहरणे आहेत. एखादा म्हणतो, ‘मी तीर्थक्षेत्री हिंसा करणार नाही.’ दुसरा म्हणतो, ‘चतुर्दशीला करणार नाही.’ हे व्रत खरे, पण अपुरे.

आपलेही असेच होते ना? एकादशीला उपवास करतो आणि द्वादशीला वजनात मारतो. आपल्या भाषेच्या, आपल्या ज्ञातीच्या माणसाशी सचोटीने वागतो; परक्याशी तीच सचोटी सैल पडते. घरातली टाकी भरून वाहत राहते आणि वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. सर्वांच्या वाट्याचे पाणी आपण वाया घालवले, तर तेही अस्तेयाचे उल्लंघनच आहे. जिन्यात ठेवलेले आपले जादा सामान ज्येष्ठांची वाट अडवते, तेव्हा अपरिग्रहाचा प्रश्न दारातच उभा असतो.

मुलांना आपण संस्कारवर्गाला पाठवतो. ते योग्यच आहे. परंतु फोनवर ‘बाबा घरी नाहीत, असं सांग’ हे एक वाक्य मुलाने ऐकले, की वर्गातला सत्याचा पाठ पुसला जातो. मूल्ये शिकवण्याआधी ती आपल्या घरात दिसली पाहिजेत.

म्हणून या आठवड्यात एक छोटा संकल्प करूया. पाचांपैकी एक यम निवडावा आणि ज्याच्याशी आपले पटत नाही, त्याच्या बाबतीत तो सात दिवस पाळावा. रोज रात्री ध्यानाला बसण्यापूर्वी स्वतःला विचारावे : आज माझ्यामुळे कोणाला त्रास झाला का? उत्तर ‘हो’ आले, तर दुसऱ्या दिवशी आधी त्याच्याकडे जावे. मग आसनावर बसावे.