लेखणी एकाची, वाणी दुसऱ्याची

लेखकाच्या नैतिकतेची चर्चा मराठी समीक्षेत पुष्कळ झाली आहे; पण तीत वाचक फारसा आलेला नाही. फडके-खांडेकरांच्या नावाने ओळखला जाणारा कलावाद-जीवनवादाचा झगडा असो की साठोत्तरी बांधिलकीचा आग्रह, लेखकाचे देणे एक तर कलेला होते, नाही तर समाजाला. पुस्तक उघडून बसलेल्या एका माणसाचेही लेखक काही लागतो, हा विचार गौणच राहिला. सार्त्रने १९४७ मध्ये साहित्याला वाचकाच्या स्वातंत्र्याला केलेले आवाहन मानले. ही मांडणी स्वीकारली तर आणखी एक गोष्ट ओघानेच येते : समोरचा शब्द कोठून आला हे ठाऊक नसेल, तर वाचकाचा प्रतिसाद स्वतंत्र म्हणता येणार नाही.

खानदेशाशी निगडित असे दोन ग्रंथ या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सहबंद्यांपुढे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. 'गीता प्रवचने' ही वाणी विनोबांची आणि लेखणी गुरुजींची, हे वाचकाला पहिल्यापासून माहीत असते. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. तिच्यातील गहिवराविषयी समीक्षकांनी घेतलेले आक्षेप मला तितकेसे गंभीर वाटत नाहीत. तेथे कोण बोलतो आणि कशासाठी बोलतो हे उघड आहे. वाचक रडू शकतो, तसाच पुस्तक मिटूही शकतो.

दुसरा ग्रंथ अधिक अवघड आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. घरातली, शेतातली कामे करताना त्या ओव्या रचीत. त्यांतील काही त्यांचे कविपुत्र सोपानदेव यांनी आणि आप्तांनी उतरवून ठेवल्या, पुष्कळशा हरवल्या. अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' १९५२ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाली. येथे लेखनिकाचे काम केवळ टिपण्याचे नव्हते. लेवा गणबोलीत 'ळ'चा उच्चार 'य'कडे झुकतो, 'डोळा'चा 'डोया' होतो. तो तसाच लिहावा की पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी सुधारून घ्यावा? ओळ कोठे तोडावी? चालीतला हेल कागदावर कसा यावा? अशा प्रत्येक ठिकाणी कोणी तरी निर्णय घेतलेला असतो आणि वाचक तो बहिणाबाईंचाच समजतो. छापील गाण्यांत बोली राखली गेली, ही मराठी वाचकावर झालेली मोठी कृपा होय. (आज त्याच बोलीचा प्रमाण मराठीत केलेला सरळार्थ गाइडांतून पाठ करून आमचे विद्यार्थी उत्तरे लिहितात, आणि त्यांतल्या कित्येकांच्या घरी तीच बोली बोलली जाते!)

दोन्ही ग्रंथांतील भेद नैतिक आहे. विनोबा स्वतः वाचू शकत होते. आपल्या तोंडी काय घातले गेले आहे हे तपासू शकत होते. बहिणाबाईंना ती सोय नव्हती. त्यांना फार तर वाचून दाखवता आले असते. म्हणून सोपानदेवांची जबाबदारी गुरुजींच्या जबाबदारीहून जड ठरते. ते स्वतः कवी असल्यामुळे ती आणखी जड होते, कारण कवीचा हात दुसऱ्याच्या ओळीवरून नुसता फिरत नाही.

यावर बार्थची आठवण करून दिली जाईल : १९६७ मध्येच लेखकाचा मृत्यू जाहीर झालेला असताना नावागावाची ही चौकशी कशासाठी? पण बार्थचा रोख अर्थावरच्या लेखकाच्या मालकीवर होता. शब्द कोणाच्या तोंडचा, हा प्रश्न अर्थाचा नसून साक्षीचा आहे. साक्ष कोणाची हे लपवून मिळालेले अर्थाचे स्वातंत्र्य वाचकाच्या फारसे उपयोगाचे नाही.

हा प्रश्न १९५२ पाशी संपलेला नाही. धुळे-जळगावच्या सातपुड्यालगतच्या गावांतून भिल्ल, पावरा गाणी गोळा करून पुस्तके आणि प्रबंध सिद्ध होतात. त्यांत गायिकेचे नाव कित्येकदा ऋणनिर्देशाच्या शेवटच्या ओळीत असते, कधी तेथेही नसते. मुखपृष्ठावर संकलक 'लेखक' होऊन बसतो. नेमाड्यांनी ज्या 'लेखकराव'ची टर उडवली, त्याचीच ही विद्यापीठीय आवृत्ती. गायिका हे पुस्तक वाचू शकत नाही आणि वाचक त्या पाड्यापर्यंत पोहोचू शकत नाही. दोघांना ओळखणारा मधला माणूस एकटाच असतो. कोणते कडवे कोणी म्हटले, कोणते आपण जुळवले, कोणते अश्लील वाटले म्हणून गाळले, हे फक्त त्यालाच ठाऊक असते, आणि प्रस्तावनेची पाने त्याच्याच हाती असतात.